वीस फेरे कमी

नागपूरच्या त्या सभेला मी जेवणासाठी गेले होते, हे आधीच कबूल करून टाकते. निमंत्रणावर लिहिलं होतं, ‘संशोधन प्रयोगशाळा आणि लघुउद्योग यांची भागीदारी’. अशा सभा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. दोन तास भाषणं, मग एक फोटो, मग पनीर. त्या दिवशी एका मोठ्या सरकारी प्रयोगशाळेचे इंजिनीअर पडद्यावर चित्रं दाखवत होते. अणूहून बारीक कणांना नळीतून पळवणारं यंत्र, म्हणजे ॲक्सिलरेटर. त्याला लागणारे चुंबक. त्या चुंबकांवरची तांब्याची कॉइल. आणि ही कॉइल आपल्याकडच्या छोट्या कारखान्यांत कशी बनवून घेता येईल, वगैरे. एका कॉइलचा भलामोठा फोटो पडद्यावर आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तार चढली आहे."

इंजिनीअर म्हणाले, "काय म्हणालात?"

आता माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. उभी राहिले. "वरच्या थरात, डावीकडे. एक फेरा दुसऱ्यावर चढला आहे. आमच्याकडे अशी कॉइल मोटारीत बसवू देत नाहीत. उलगडून पुन्हा भरायला लावतात."

त्यांनी वळून आपल्याच फोटोकडे पाहिलं. जरा जवळ जाऊन पाहिलं. मग हसले आणि विचारलं, "आमच्याकडे म्हणजे कुठे?"

"वरठीला," मी म्हणाले. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. त्या माणसाशी मी जेवताना बोलले नाही.

वरठीला, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर, आमचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी जळतात, त्या आम्ही भरून देतो. भरणं म्हणजे जळलेली तार काढायची, नवी तार गुंडाळून कॉइल करायच्या, त्या आत बसवायच्या आणि वार्निश पाजून वाळवायच्या. उन्हाळी धानाच्या दिवसांत दारासमोर इतक्या मोटारी पडलेल्या असतात की मला माझ्या खुर्चीपर्यंत जायला कसरत करावी लागते. दुकान बाबांनी काढलं. बाबा गेल्यावर लोकांना वाटलं, आता ही पोरगी कुलूप लावणार. माझ्याकडे इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा होता आणि माझं तोंड चालतं, म्हणून दुकान टिकलं असं आता तेच लोक सांगतात. खरं सांगायचं तर दुकान मामांमुळे टिकलं.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. बाबांच्या हाताखालचे ते पहिले कारागीर. वैनगंगेच्या काठावरच्या गावातले, घरी पिढीजात मासेमारी, भाऊ अजून नदीत जाळं टाकतात. मामांनी लहानपणी जाळी विणली आणि मोठेपणी तार गुंडाळली, आणि त्यांना विचाराल तर ही दोन कामं वेगळी नाहीतच. "ताण सारखा पाह्यजे. बाकी सब आपोआप होते," एवढंच त्यांचं शिक्षण. हातांत तार धरली की ती त्यांचं ऐकते. माझं ती ऐकत नाही. मी पंचवीस वर्षं प्रयत्न केला, माझी कॉइल मध्ये फुगते.

मामांची मोजणीही त्यांच्या घरची. फेरे ते विसांनी मोजतात. वीस फेरे झाले की मशीन थांबवायचं आणि एका बशीतला चिंचोका उचलून दुसऱ्या बशीत टाकायचा. मशीनला फेरे मोजणारा काटा आहे, पण त्याच्याकडे मामा चेष्टेने बघतात.

आमच्या दुकानाची आणखी एक रीत आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कंपनीची मोटार पुऱ्या व्होल्टेजसाठी बनवलेली असते. आमच्याकडे पुरं व्होल्टेज ही ऐकीव गोष्ट आहे. गावातल्या सगळ्या मोटारी एका डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर, सगळ्या एकदम सुरू, आणि लाइन अशी पडते की बल्बमध्ये नुसती लाल तार दिसते. अशा लाइनवर मोटार फिरत नाही. जागच्या जागी गुणगुणते, तापते आणि जळते. तेव्हा बाबांनी आणि मामांनी मिळून फेरे कमी भरायला सुरुवात केली. शंभराला पाच कमी, आणि तार जराशी जाड. अशी मोटार पडक्या लाइनवरही उचल खाते. डिप्लोमाच्या पुस्तकात हे कुठेही नाही, पण पार सिहोऱ्यापासून लोक मोटारी आमच्याकडे आणतात त्याचं कारण हेच. ‘वरठीची मोटार सुरू होते’ असं ते एकमेकांना सांगतात, आणि ते ऐकलं की मला अजून छाती फुगवावीशी वाटते.

पंधरवड्याने तेच इंजिनीअर खरंच दुकानात आले. आम्ही त्यांना पहिल्या दिवसापासून साहेब म्हणायला लागलो. ‘साहेब नका म्हणू’ असं ते दहादा म्हणाले, कोणी ऐकलं नाही. त्यांना मोटारींतून वाट काढत आत आणलं. ते थेट मामांच्या मशीनपाशी जाऊन उभे राहिले आणि अर्धा तास तिथून हललेच नाहीत. मामांनी भरलेली एक कॉइल त्यांनी हातात घेतली, बोटाने कड चाचपली, खिशातून भिंग काढून पाहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, हे काम मला हवंय."

चहा झाला. साहेबांनी आमच्या बिलबुकाच्या मागे आकृती काढली. कणांचा झोत लांबलचक नळीतून जातो, तो मधोमधच राहिला पाहिजे. जरा सरकला की नळीला धडकून संपला. म्हणून वाटेत जागोजाग लहान चुंबक बसवायचे. झोत सरकतोय असं दिसलं की हलकासा धक्का देऊन त्याला वाटेवर आणायचं. आम्हाला तेच लहान चुंबक भरायचे होते.

मामा म्हणाले, "म्हंजे वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून, म्हातारा माणूस चालून राहिला, तं त्याचा हात धरा लागते. तसं."

"अगदी तसं," साहेब म्हणाले आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

"आनि मशीन कायच्या कामाचं हाये जी?"

साहेब म्हणाले, आमचं तर संशोधनाचं आहे, पण याच जातीची यंत्रं दवाखान्यात असतात, कर्करोगाच्या पेशंटला शेक द्यायला. मामांचा चेहरा एकदम गंभीर झाला. कपातला चहा तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "तुमच्याइकडं लाइन कसी रायते?"

साहेब मोकळ्या स्वभावाचे. हसत म्हणाले, "आमच्याकडेही जाते हो मामा. परवाच दोन तास नव्हती, मुलांनी घर डोक्यावर घेतलं." ते आपल्या क्वार्टरबद्दल बोलत होते. मामांनी मान हलवली आणि चहा संपवला. मी शेजारी बसून हिशेबाची वही चाळत होते. हे बोलणं मी ऐकलं आणि सोडून दिलं.

पहिली खेप चाचणीची होती. सहा चुंबक, प्रत्येकावर दोन, अशा बारा कॉइल. एकेकीत चारशे फेरे. तारेची जाडी प्रयोगशाळेने ठरवून दिलेली, तारही त्यांनीच पाठवलेली. सोबत एक नियमांचा गठ्ठा. धूळ चालणार नाही, घामाचा हात चालणार नाही, प्रत्येक कॉइलचा वेगळा फॉर्म, त्यावर भरणाऱ्याचं आणि मोजणाऱ्याचं नाव. आम्ही मागची भंगाराची खोली रिकामी केली, चुना मारला, दाराला प्लास्टिकचा पडदा लावला. मामा दिवसाला चार खर्रे खाणारे. सुपारी-तंबाखूचा तो खर्रा घोटल्याशिवाय त्यांची सकाळ होत नाही. पण त्या खोलीत पाऊल टाकल्यापासून त्यांनी खर्रा बंद केला आणि गालात लवंग धरली. मामी माझ्याजवळ म्हणाल्या, "माह्या सांगन्यानं कधी सोडला नाई. चुंबकासाठी सोडला." त्यांना आनंद झाला होता की राग आला होता, मला कळलं नाही.

ते दिवस मला फार आवडले. बाहेर मोटारींची ठोकाठोक, आणि पडद्याच्या आत मामा, धुतलेल्या सदऱ्यात, पांढऱ्या हातमोज्यांत, तार सोडत बसलेले. मी दिवसातून चार वेळा उगाच डोकावत असे. थरावर थर असा चढत जायचा की कॉइल तांब्याच्या एकाच ठोकळ्यातून कापून काढल्यासारखी दिसावी. बाबा असते तर त्यांनी स्टेशनवरून माणसं बोलावून आणली असती बघायला.

कॉइल झाली की मी तपासायची. तार कुठे तुटली नाही ना, बॉडीला लागत नाही ना, एवढं आम्ही मोटारीचंही बघतो, तेवढं बघितलं. मग फॉर्म. ‘फेरे: चारशे. मोजणारा:’ आणि पुढे माझी सही. बारा फॉर्म, बारा सह्या. मामांचे फेरे मोजायचे म्हणजे सूर्य पूर्वेलाच उगवला का ते बघायला अंगणात जाण्यासारखं. कॉइल संपायची तेव्हा बशीत चिंचोके पडलेले असायचे. वीस असायला हवे होते. मी बशी रोज पाहिली, मोजली एकदाही नाही.

तीन आठवड्यांनी साहेबांचा फोन आला. आवाज विचित्र होता. "ताई, मी इतक्या वर्षांत असं पाहिलेलं नाही. बाराच्या बारा कॉइल एकमेकींशी तंतोतंत जुळतात. मोठ्या कंपन्यांनाही हे जमलेलं नाही."

मी खुर्चीतून उठलेच. "मग?"

"मग काय, बाराच्या बारा कमी आहेत. चुंबकाचा जोर शंभराला पाचने कमी येतोय. मी हिशोब केला. प्रत्येकीत वीस फेरे कमी असले पाहिजेत." ते पुढे म्हणाले, "फेरे कमी पडणं मी समजू शकतो, ताई. पण तुमची सही आहे. मी ती सही दाखवून वर सगळ्यांना पटवलं होतं, की छोट्या गावातल्या दुकानाशी भागीदारी करून बघू या."

शंभराला पाच हे शब्द कानावर पडले त्याच क्षणी मला सगळं कळलं. माझा दोष कळला तो पण त्याच क्षणी. अशा वेळी शहाणा माणूस पाणी पितो. मी पडदा बाजूला केला आणि ओरडले. बाहेर तीन शेतकरी मोटारी घेऊन उभे होते, त्यांच्या देखत.

"मामा, किती फेरे भरले तुम्ही?"

"एकोनीस विसा," मामा शांतपणे म्हणाले.

"वीस विसा सांगितले होते!"

"मालूम हाये. जाड तार घ्याची सोय नव्हती, म्हनून नुसते फेरे कमी केले. मुद्दाम केले."

"कोणाला विचारून?"

"विचाराचं काय हाये त्यात? तुया बापानं कधी विचारलं का मले?"

बाबांचं नाव निघालं आणि माझा तोल गेला. "तुमचं वय झालं, मामा," मी म्हणाले. "आता नुसतं डोक्यात बसलेलं करता, समोर काय आहे ते बघत नाही."

मामांनी हातमोजे काढले, घडी करून मशीनवर ठेवले आणि सायकल घेऊन निघून गेले. एक शेतकरी खाली बघत राहिला. दुसरा मला म्हणाला, "बाई, हे बरं नाई केलं." मला तेव्हाच ते कळलं होतं, त्याने सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी मी साहेबांना फोन करून खरं ते सांगितलं. न मोजता सह्या केल्या, मामांनी फेरे का कमी केले, ‘लाइन जाते’ हे त्यांच्याच तोंडचं वाक्य मामांनी कसं घेतलं, सगळं. साहेब म्हणाले, "वर मी आणखी एक खेप मागून घेतो. पण शेवटची. आणि ताई, हेच हात हवेत. दुसऱ्याने भरलेली मला नको. हेच हात आणि पुरे चारशे."

पाच दिवस मामा आले नाहीत. मी स्वतः एक कॉइल भरून पाहिली, काटा बघत, पुरे चारशे. मध्ये फुगली. उलगडली, पुन्हा भरली, पुन्हा फुगली. ती बेढब कॉइल हातात घेऊन बसले आणि मला मामांची इतकी आठवण आली की मी दुकान बंद करून त्यांच्या गावी निघाले.

मामा ओट्यावर बसून भावाचं फाटलेलं जाळं सांधत होते. मामींनी चहा दिला, बिनसाखरेचा. त्यांची नाराजी अशी असते. मी तो मुकाट्याने प्यायले.

"मामा, माझं चुकलं. चारचौघांत बोलायला नको होतं."

"घरी बोलली असती तं चाललं असतं का?"

"घरीही नको होतं."

"हूं," मामा म्हणाले आणि जाळ्याची एक गाठ मारली. त्यांच्या दृष्टीने तो विषय तिथे संपला. मी साहेबांचा निरोप सांगितला. हेच हात हवेत हे ऐकून ते सुखावले, मला दिसलं. पण मान मात्र हलली ती आडवी.

"नाई जमत."

"वीस फेऱ्यांना कितीसा वेळ लागतो, मामा?"

"टाइमाचं नाई सांगून राहिलो मी. दवाखान्यात मशीन हाये. खाली पेशंट झोपला. तिकडं लाइन पडली आनि मशीन नुसतं गुनगुन करून राहिलं. मंग त्या पेशंटनं काय कराचं? चाळीस वर्ष झाले, सुरू न होनारी वस्तू माह्या हातून गेली नाई. आता जानार नाई. ही बेइमानी हाये, माय."

मी समजावलं. हे चुंबक मोटारीसारखं उचल खात नाही. त्याला वेगळा सप्लाय असतो, तो मोजून करंट देतो. फेरे कमी म्हणजे जोरच कमी. कागदावर आकृती काढून दाखवली. मामांनी माझं सगळं ऐकून घेतलं, लहानपणी मी पाढे म्हणून दाखवायची तेव्हा ऐकायचे तसं.

"आणि तिथे लाइन पडत नाही, मामा."

"पडत नाई असी जागा नाई. मंत्र्याच्या सभेत बी पडली होती, मी सोता तिथं उभा होतो."

"तिथे नाही पडत."

"तू शिकली हायेस, तुले कागदावर दिसते. मले डोळ्यानं दिसलं पाह्यजे."

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. त्यांनी एका दमात सांगितलं, "घेऊन या."

भंडारा रोडहून, म्हणजे वरठीच्याच स्टेशनवरून, गाडी धरली. मामांनी लग्नकार्याचा पांढरा पायजमा-सदरा घातला होता. प्रयोगशाळेच्या फाटकावर आमची नावं, फोटो, पिशव्या सगळं तपासलं. मामींनी दिलेला डबा शिपायाने उघडला, त्यात सुक्या मासोळ्यांची चटणी होती. त्याने तो फार घाईने बंद केला. मामा त्याला म्हणाले, "चांगली हाये जी, खाऊन पाहा." आत साहेब आमची वाटच बघत होते. त्यांनी वाकून मामांना नमस्कार केला. त्यांच्या हाताखालची माणसंही जमली होती, सारख्या बारा कॉइल भरणारा माणूस कसा दिसतो ते बघायला.

साहेबांना मोठं यंत्र दाखवायचं होतं. मामा म्हणाले, "ते मंग पाहू. आपलं कुठं हाये?"

आपलं, म्हणजे नापास झालेल्या सहांतलं एक, शेजारच्या थंड खोलीत टेबलावर होतं. त्याला तारा जोडल्या होत्या आणि बाजूला सप्लायचं कपाट. कपाटावर लाल आकडे. साहेबांनी बटण दाबलं, आकडे चढत गेले आणि एका जागी थांबले. दशांशाच्या पुढचेही आकडे थांबले. मामांनी स्टूल ओढलं आणि त्या आकड्यांसमोर बसले. चुंबकाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दहा मिनिटं गेली, वीस गेली. आमच्या दुकानात ज्या नजरेने ते तारेकडे बघतात त्या नजरेने ते आकड्यांकडे बघत होते.

मग म्हणाले, "इथं बाजूले मोठी मोटार हाये का?"

"थंड पाण्याचा पंप आहे, खूप मोठा," साहेब म्हणाले.

"सुरू करा जी."

मला हसू आलं. गावात आपली मोटार चालू असताना शेजाऱ्याने त्याची सुरू केली की आपल्या घरातला बल्ब मान टाकतो. मामा तेच बघत होते. साहेबांनी कोणालातरी फोन केला. पलीकडे घरघर सुरू झाली, पायाखालची फरशी थरथरली. खोलीतल्या ट्यूबलाइटने डोळासुद्धा मिचकावला नाही. लाल आकडे होते तिथेच. शेवटचा आकडासुद्धा.

"बंद करा. पुन्हा सुरू करा."

साहेबांनी पुन्हा करवलं. मामांनी तिसऱ्यांदा सांगितलं आणि त्यांनी तिसऱ्यांदाही करवलं, कपाळावर एक आठी न आणता. त्या माणसाबद्दल माझ्या मनात जी माया आहे ती त्या तिसऱ्या वेळेपासूनची आहे.

मामा उठले. आकड्यांवरून त्यांनी हात फिरवला, काच पुसावी तसा. म्हणाले, "नाई पडत."

"नाही पडत, मामा," मी म्हणाले.

"मंग आपल्याइकडं काहून पडते?"

त्या खोलीत सहा-सात इंजिनीअर होते आणि एक डिप्लोमावाली. साहेबच बोलले. इथे वेगळी लाइन आणली आहे, आमचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आहे, शिवाय हे कपाट एका सेकंदात कितीतरी वेळा स्वतःचा करंट तपासतं आणि सुधारतं. सगळं त्यांनी सोपं करून, खरं खरं सांगितलं. शेवटी म्हणाले, "इथे पडून चालतच नाही, मामा. जरा पडली तरी झोत वाया जातो."

"पऱ्हे बी वाया जातात, जी," मामा म्हणाले.

आवाजात राग नव्हता. पेरलेल्या धानाची रोपं पाण्यावाचून वाळतात, ही साहेबांना माहीत नसलेली गोष्ट ते सांगत होते, एवढंच. साहेबांनी मान खाली घातली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आमची हुशारी म्हणून जी रीत मी इतकी वर्षं मिरवत होते, ती म्हणजे कोणाच्या तरी बेपर्वाईवर मामांनी घातलेलं ठिगळ होतं, आणि हे त्या थंड खोलीत उभं राहीपर्यंत माझ्या शिकलेल्या डोक्यात आलं नव्हतं.

"म्हंजे करता येते," मामा स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. घरच्या माणसाला समजावून सांगावं तसं सांगितलं, "तुमचे पुरे भरतो, साहेब. वीस विसा, एक फेरा कमी नाई. आमचे अजून कमीच भरा लागन."